फोटो वहिनींनी नीटच काढले होते

आमच्या नात्यागोत्यात, गिरगावपासून माहीमपर्यंत, एक गोष्ट सगळ्यांना पाठ झाली आहे. माझ्या वहिनींना मोबाइलवर धड फोटो काढता आले नाहीत, म्हणून देवगडकडच्या आमच्या आंब्याच्या बागेचं पीक गेल्या हंगामात हातचं गेलं. लग्नाकार्यात बऱ्याच वर्षांनी भेटलेला माणूसही मला हे सांगतो आणि सांगताना हसतो. म्हातारी, मोबाइल आणि आंबा, हसायला एवढं पुरतं.

ही गोष्ट खोटी आहे. ती ज्या खोलीत पहिल्यांदा बोलली गेली त्या खोलीत मी खुर्चीवर बसलो होतो. ती खोटी आहे हे मला तेव्हाही माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. आता उघडतो आहे.

मी परळच्या एका गिरणीत रंगखात्याच्या प्रयोगशाळेत होतो. रंगवून आलेल्या कापडाची छटा मूळ नमुन्याशी जुळते की नाही हे बघून माल पास करणं हे माझं काम. गिरणी बंद पडली तेव्हा मी तरुणही नव्हतो आणि म्हाताराही. त्यानंतर पोटापाण्यासाठी बरंच काही केलं, पण रंगाशी संबंध राहिला नाही. मी लालबागला राहतो. थोरले बंधू गिरगावात, ठाकूरद्वारला राहायचे. ते गेल्यावर वहिनींनी बाग आपल्या हातात घेतली. पालवी फुटायच्या सुमारास त्या गावी जातात, आंबा उतरून पेट्या रवाना झाल्या की गिरगावात परततात. बाग कागदोपत्री दोघा भावांची, पण मी तिथे कधी कुदळही उचललेली नाही.

वहिनींचा मुलगा, माझा पुतण्या, परळच्याच एका जुन्या गिरणीच्या आवारात काचेच्या इमारतीत नोकरीला आहे. त्याने मला तिथे नेलं. कंपनीचं काम थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मोबाइलचा कॅमेरा उजेडाचे तीनच भाग मोजतो, तांबडा, हिरवा, निळा. पण एक खास कॅमेरा असतो, तो त्याच उजेडाचे शंभराहून जास्त बारीक भाग पाडतो आणि तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेडही मोजतो. झाड आजारी पडायला लागलं की कित्येकदा आधी त्या न दिसणाऱ्या भागात फरक पडतो. हा कॅमेरा साध्या बागायतदाराच्या आवाक्यातला नाही. म्हणून कंपनीची कल्पना अशी की, एकच पान खास कॅमेऱ्याखाली धरायचं आणि मोबाइलखालीही धरायचं. अशा ढीगभर जोड्या कृत्रिम बुद्धिमत्तेला दाखवायच्या. मग पुढे तिला नुसता मोबाइलचा फोटो दिला तरी उरलेले सगळे भाग ती स्वतः भरून देईल. पानात पाणी किती, नत्र किती, रोग आहे का, सगळं फोनवर.

जोड्या जमवायला रंग आणि उजेड यांची जाण असलेला माणूस हवा होता. तो मी. घ्यायला गाडी यायची. तिशीतले प्रमुख मला 'सर' म्हणायचे. गिरणी सुटल्यापासून मला कोणी सर म्हटलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मी प्रमुखांना एक शंका विचारली. गिरणीत असं व्हायचं की, दोन वेगळ्या रंगांच्या मिश्रणांतून निघालेले दोन तुकडे ट्यूबलाइटखाली अगदी एक दिसायचे आणि खिडकीत नेले की एक हिरवट, एक तपकिरी. डोळ्याला सारखं दिसलं म्हणजे आतून सारखं असतं असं नाही. मग तीन रंगांवरून शंभर कसे ओळखणार? प्रमुख हुशार होते. म्हणाले, "सर, एका ठिपक्यावरून नाहीच कळणार. पण मशीन पूर्ण पान बघतं. शिरा, कडा, चमक, सगळं. त्यावरून ते अंदाज बांधतं."

उत्तर चुकीचं नव्हतं. अंदाज हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडाने वापरला होता. पुढे अ‍ॅपमध्ये, जाहिरातीत, भाषणांत तो शब्द कुठेच सापडत नाही. तिथे सगळीकडे 'मोजमाप' आहे. दशांश चिन्हासकट आकडा दिला की अंदाजाचं मोजमाप होतं, ही विद्या आमच्या गिरणीत नव्हती.

आता माझा भाग. पानं खरं तर बागांतून यायला हवी होती. पण खास कॅमेरा नाजूक, तो हलवायचा नाही, आणि कोकणातून पान येईपर्यंत सुकायचं. तेव्हा मीच सुचवलं की दादरच्या फुलबाजारात आंब्याचे डहाळे रोज येतात, तोरणासाठी, कलशासाठी. सगळ्यांना ते एकदम पटलं. त्यानंतर सकाळी दादरला जायचं, ओल्या गोणपाटाखालचे डहाळे घ्यायचे आणि परळला यायचं हा माझा क्रम झाला.

हात आपोआप चांगली पानं निवडायचा. डाग पडलेलं नको, टोक फाटलेलं नको. कलशाला चालणार नाही असं पान मी आयुष्यात विकत घेतलेलं नाही. प्रयोगशाळेत आलो की प्रत्येक पान ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसायचो आणि मग कॅमेऱ्याखाली ठेवायचो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लहानपणी दसऱ्याला तोरण करताना आई पानं पुसायला मलाच बसवायची, तेवढंच त्याचं कारण. तिथल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण तीही सगळी आमच्यासारख्याच घरांतली मुलं. एक मुलगी म्हणाली, "काका, ऑफिसात एकदम सणासारखं वाटतं." आणि तीही फडकं घेऊन शेजारी बसली. पान दिव्याखाली असं चमकायचं की बघत राहावं.

काही महिन्यांनी अ‍ॅप तयार झालं तेव्हा त्यात वापरणाऱ्यासाठी सूचना घातल्या होत्या. त्यातली एक सूचना अशी की, पान स्वच्छ पुसून मगच फोटो घ्यावा. शिकताना पुसलेली पानं दाखवली, तर विचारतानाही पुसलेलंच पान दाखवायला हवं, असा तो हिशेब. रोग बघायला निघालेले लोक पानावरचा रोग आधी पुसून टाकायला सांगत होते. शिकलेसवरलेले एवढे लोक त्या सूचनेवरून नजर फिरवून गेले आणि एकालाही हे खटकलं नाही. मलाही नाही.

पुतण्याने नमुन्याची बाग म्हणून आमचीच बाग दिली. अ‍ॅप सांगेल तेव्हाच फवारणी, एरवी नाही, असं ठरलं. वहिनी गावी गेल्या. पालवीच्या दिवसांत त्यांचा फोन आला तेव्हा मी पुतण्याच्या टेबलापाशीच होतो आणि फोन स्पीकरवर होता.

"पानां हाताक चिकट लागतत," वहिनी म्हणाल्या. चिडल्या किंवा घाबरल्या की त्या मालवणीवर येतात. "दरवर्षी ह्या वेळेक आपण फवारतो."

"आई, हाताने काय कळतंय? फोटो टाक ना."

"हातान कळना नाय तर मगे कशान कळता?"

तरी त्यांनी फोटो टाकले, एक-दोन नाही, झाडाझाडाचे. सगळ्यांवर हिरवी खूण आली. पानात पाण्याचं प्रमाण उत्तम, झाड निरोगी, फवारणीची गरज नाही. पुतण्या खूश झाला. ते हिरवे फोटो त्याने वरिष्ठांना पाठवले.

त्याच दिवशी संध्याकाळी वहिनींनी मला वेगळा फोन केला. मुलाचं ऐकायचं की हाताचं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "भावोजी, तुम्ही रंगातले. तुम्ही सांगा. फवारू की नको?"

मी म्हटलं, "वहिनी, यंत्र आपल्यापेक्षा जास्त बघतं."

हे माझ्या शंकेच्या बरोबर उलटं वाक्य होतं. का बोललो? पुतण्याचं बस्तान बसत होतं, आणि मला तिथे सर म्हणत होते. याहून मोठं कारण शोधून सापडत नाही.

मोहोर आला तो तुडतुड्यांसकट. तुडतुडा हा एवढासा किडा, मोहोराचा रस शोषतो आणि मागे साखरेच्या पाण्यासारखे चिकट थेंब टाकतो. त्यावर काजळीसारखी बुरशी धरते. पालवीतच फवारलं तर आवरतो, मोहोरात फोफावला की नाही. आमच्या बागेत मोहोर काळा पडला आणि हात लावला की भुरभुर झडायला लागला. शेजारच्या बागा, जिथे नेहमीसारखी फवारणी झाली होती, त्यांना फळ धरलं.

वहिनी मुंबईला आल्या त्या पिशवीत तसलीच पानं घेऊन. माझ्यासमोर ती टेबलावर ठेवली. मी त्यातली काही परळला नेली आणि या खेपेला न पुसता खास कॅमेऱ्याखाली ठेवली. शेजारी मोबाइलनेही फोटो घेतला. पडद्यावर आलेखाच्या दोन रेषा आल्या. खास कॅमेऱ्याची रेषा न दिसणाऱ्या उजेडाच्या भागात खाली बसली होती, पान आजारी असल्याचं उघड सांगत होती. मोबाइलवरून यंत्राने भरलेली रेषा ताठ उभी होती. चिकट थेंबांची चमक त्याने ओल्या फडक्याची चमक समजली होती. त्याने आयुष्यात तेवढीच चमक पाहिली होती, आणि ती मी दाखवली होती.

प्रमुख माझ्या मागे उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "चांगलं पकडलंत, सर. पुढच्या व्हर्जनमध्ये आजारी पानं घालू." आणि मला, लिहायला लाज वाटते, मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

म्हणजे कळलं होतं. त्यांना कळलं होतं, मला कळलं होतं, आणि पुतण्याला मी स्वतः त्या रेषा दाखवल्या होत्या. तरीही ज्यांचे पैसे कंपनीत गुंतले होते त्यांना सांगायला जो खुलासा तयार झाला, त्यात दोष वापरणाऱ्याचा निघाला. वापरणाऱ्याने सूचना पाळल्या नाहीत, पान न पुसता फोटो घेतला. इथे वापरणारा म्हणजे माझी वहिनी.

मग गिरगावात घरची बैठक झाली. माहीमचा चुलतभाऊ आला होता, तो आमच्यात मोठा विनोदी समजला जातो. पुतण्याने खुलासा घरच्या भाषेत सांगितला, की आईने फोटो नीट काढले नाहीत. चुलतभावाने लगेच विचारलं, "वहिनी, पानाचा फोटो काढत होतात की सेल्फी?" सगळे हसले. त्या हसण्यातच निकाल लागला. विषय निघाला की आता वयामानाने वहिनींना हे झेपत नाही, तर बाग एखाद्या व्यापाऱ्याला काही वर्षांच्या कराराने देऊन टाकावी. करार झाला की त्या मुदतीत फांदीला हात लावायचा हक्क व्यापाऱ्याचा. फवारणी कधी, आंबा कधी उतरायचा, कुठला कुठे पाठवायचा, यात मालकिणीने बोलायचं नाही. ज्या बाईने नवरा गेल्यानंतर स्वतःला उभं ठेवलं ते याच कामावर, तिच्यापुढे चहा पिता पिता हे ठरत होतं.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "पुसलं असतं तर चिकटपणा फोटोत आला असता कसा?"

साधा प्रश्न होता. इतरांना तो प्रश्नच वाटला नाही. ते म्हातारीचं सारवासारव करणं वाटलं. उत्तर माहीत असलेले दोघे त्या खोलीत होते. एक तिचा मुलगा, दुसरा मी. पुतण्या मोबाइलमध्ये बघत होता. बाग दोघांची असल्याने मला विचारलं गेलं, कराराला तुमची हरकत नाही ना? मी म्हटलं, "ठीक आहे." वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, रिकामे कप गोळा केले आणि आत गेल्या.

मी त्या दिवशीही बोललो नाही आणि पुढे पावसाळाभर बोललो नाही. बोललो असतो असंही नाही, जर कंपनीने तो समारंभ केला नसता.

नव्या अ‍ॅपचं उद्घाटन होतं. मला पहिल्या रांगेत बसवत होते, पण मला सारखं उठावं लागतं म्हणून मी मागे बसलो. एक फिल्म दाखवली. सुरुवातीला मीच, गिरणीतला जुना जाणकार म्हणून, सांगत होतो की यंत्र आपल्यापेक्षा जास्त बघतं. ते वाक्य त्यांनी माझ्याकडून कधीतरी बोलवून घेतलं होतं. पुढे 'फोटो कसा घेऊ नये' असा भाग आला. पडद्यावर एक फोटो आला, त्यात कोपऱ्यात एक अंगठा आणि झिजलेली सोन्याची बांगडी. खाली अक्षरं, चुकीचा फोटो. लोक हलकंसं हसले.

तो हात मी ओळखला. त्या हाताने मला बरीच वर्षं जेवायला वाढलं आहे.

आणि फोटो चुकीचा नव्हता. पान भिंतीएवढं मोठं दिसत होतं, शीर न् शीर स्पष्ट. त्याच्यावरचे चिकट थेंब मला, चष्मा लावून, शेवटच्या रांगेतून दिसले. त्या सभागृहात जो कोणी डोळे उघडून बघत होता त्याला दिसले असते. वहिनींनी दाखवायचं तेच दाखवलं होतं. ज्याच्यात खरं स्वच्छ दिसत होतं तोच फोटो कंपनीने चुकीचा म्हणून टांगला होता.

चहाच्या वेळी मी प्रमुखांना गाठलं. म्हटलं, "तो फोटो नीट आहे."

"सर, गाइडलाइनप्रमाणे नाहीये."

"गाइडलाइन माझ्या सवयीतून आली आहे."

"मग तर तुम्हाला माहीतच आहे," ते हसून म्हणाले आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

ते दुष्ट नाहीत. मला त्यांच्या कल्पनेचाही राग नाही. ज्याने आजारी पान पाहिलं आहे असं यंत्र उद्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पण जे यंत्राने कधी पाहिलंच नाही त्याबद्दल त्याने हिरवी खूण का द्यावी? मला माहीत नाही, एवढे शब्द त्याच्या तोंडी घालायला काय अडचण होती? त्या शब्दांनी त्यांची किंमत कमी झाली असती. वहिनींना दोष देऊन कोणाचीच किंमत कमी झाली नाही. हा हिशेब त्यांनी केला, माझ्या पुतण्याने स्वतःच्या आईच्या बाबतीत केला, आणि आमच्या सगळ्या कुटुंबाने तो हसत मान्य केला, कारण बाईमाणसाला मोबाइल येत नाही हे मानायला कोणालाच कष्ट पडत नाहीत. त्या बाईने नवऱ्यामागे सगळी बाग सांभाळली, पण एक बटण दाबणं तिला जमलं नसेल हे मात्र लगेच पटलं.

मी दुसऱ्या दिवशी ठाकूरद्वारला गेलो. वहिनी खिडकीपाशी बसून वाल सोलत होत्या. दादरची पानं, फडकं, दोन रेषा, सगळं सांगितलं. फोनवर त्यांना दिलेला सल्ला मी माझ्याच शंकेविरुद्ध दिला होता, हेही सांगितलं. त्या सोलत राहिल्या. मला वाटलं होतं रडतील, किंवा मला बोलतील. शेवटी म्हणाल्या, "भावोजी, मला कशाला सांगता? फोटो मी नीट काढले हे मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"सांगतो," मी म्हटलं.

"तोंडी नको. तोंडी सांगितलेलं तुमच्या घरात कोणाच्या लक्षात राहतं? लिहून सांगा. आणि माझ्या लेकाचं पण लिहा. त्याला वाचवू नका."

कराराला दिलेली संमती मी काढून घेतली. व्यापारी चिडला, पुतण्या त्याहून जास्त. तो घरी येऊन म्हणाला, "काका, माझ्या नोकरीचा तरी विचार करायचा होता." मी म्हटलं, तोच विचार करत मी वर्षभर गप्प होतो, त्याचं काय झालं ते तुझ्या आईला विचार. त्यानंतर तो आलेला नाही. मी परळला जाणं बंद केलं. गाडी आली होती, ती रिकामी परत पाठवली.

वहिनी गावी गेल्या. यंदाची फवारणी त्यांनी पालवीतच, हाताला चिकट लागताच करून घेतली, हे मला गावच्या दुसऱ्या माणसाकडून कळलं. मी येऊ का, असं जाण्याआधी विचारलं होतं. "काय करणार येऊन?" म्हणाल्या, आणि पुढे, "आधी माहीमला जा. तिथे अजून हसतायत."

मी माहीमला गेलो. चुलतभावाच्या घरी चारजण जमलेले होते, ते बरंच झालं. सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो मध्येमध्ये घड्याळ बघत होता. मी संपवल्यावर म्हणाला, "असू दे रे, झालं ते झालं. पण मग आता आम्ही हसायचं कोणावर?"

"माझ्यावर," मी म्हटलं.

तो हसला नाही. बायकोला चहा टाकायला सांगितला आणि लालबागच्या माझ्या पागडीवरच्या भाड्याच्या खोल्यांचं काय चाललंय ते विचारायला लागला. मी ते बोलणं तोडलं आणि वहिनींचे फोटो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.